वास सांगणारं माणूस

मंडई जवळ आली की आमच्याकडे सगळ्यात आधी गॅसचं सिलिंडर हलवून पाहिलं जातं. दिवाळी सरते, शेतातल्या बांध्यांमधला धान कापून होतो, त्याच्या पेंढ्यांची पुंजणी रचली जातात आणि लाखांदूरच्या आसपासची गावं एकेक करून आपापली मंडई भरवतात. दुपारी मोकळ्या जागेवर दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. मुलीच्या सासरचे, सुनेच्या माहेरचे, वर्षभर ज्यांची कुणाला आठवण होत नाही असे मावसदीर, सगळे मंडईला येतात आणि सगळे जेवायला थांबतात. अशा दिवशी कढईत फोडणी पडलेली असताना गॅस गेला तर घरच्या बाईची जी फजिती होते, ती रात्रीच्या नाटकातल्या खलनायकाचीही होत नाही. म्हणून बायका आधीच सिलिंडरची कडी धरतात, जरा तिरपं करतात, आणि आत किती उरलं असेल याचा अंदाज चेहऱ्यावर आणतात.

यंदा मला हलवून पाहायची गरज नव्हती. एकट्या बाईचं सिलिंडर संपत नाही, ते जुनं होतं. गॅस पोचवणारा भाऊ गल्लीत गाडी उभी करतो, शेजारच्या घरी भरलेलं देतो, रिकामं घेतो आणि माझ्याकडे बघून हसतो.

"काकू, तुमचा गॅस संपतच नाही का जी? जेवता का नाही?"

मीही हसते. शाळेत आयुष्यभर मुलं शिकवली, वेळेवर हसायचं कसब हातात आहे. मग दार लावून घेते आणि ओसरीवर उगाच बसून राहते.

आज सकाळी लाउडस्पीकरवाल्यानं माइक तपासायला सुरुवात केली तेव्हाही मी अशीच बसले होते. समोरच्या घरची सून तिच्या सासूला ओरडून सांगत होती, "नव्या धानाचा वास काय सुटला जी!" मी नाक वर करून मोठा श्वास घेतला. थंड हवा आत गेली आणि तशीच बाहेर आली. तिच्यात काहीच नव्हतं.

माझं नाक गेलं त्याला आता काही वर्षं झाली. ती मोठी साथ आली तेव्हा आमच्या गल्लीत एकही घर सुटलं नाही. ताप उतरला, खोकला गेला, पायात बळ आलं. वास मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. मी वाट पाहिली. सकाळी कापूर नाकाशी धरायची, लसूण चोळून हुंगायची. मग एक दिवस कंटाळले आणि सोडून दिलं. जिभेला खारट, आंबट, गोड, तिखट एवढं कळतं. बाकी सगळ्या भाज्या मला सारख्या.

तेव्हा आमचे हे होते. गावाबाहेरच्या राइस मिलमध्ये मशीनवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. कोंडा, धूळ, पट्टे, तापलेल्या मोटारी. त्यामुळे जे जे पेटतं त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घरात गॅस आला त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला अगदी जमिनीलगत भोक पाडलं आणि त्याला जाळी बसवली. "गॅस पाण्यासारखा असते," ते म्हणाले, "सुटला की खाली जाते अन् खालीच बसते. त्याले जायले खालूनच वाट पाहिजे." ते असेपर्यंत त्या वाटेनं गॅस कधी गेला नाही. जाळी सैल झाल्यावर मांजरी मात्र आल्या. मी यांना त्यावरून पुष्कळ चिडवलं.

त्यांचे नियम मोडायची घरात कुणाची टाप नव्हती. सिलिंडर उभंच हवं, आडवं कधीच नाही. दुसरं भरलेलं असेल तर ते चुलीजवळ नाही, मागच्या छपरीत, सावलीत, तोंडावर टोपी घालून. नवं आलं की आधी सील बघायचं, कड्यावर रंगवलेली मुदत बघायची, मग साबणाचा फेस करून मानेला लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचा. पाहुणे ओसरीवर चहाची वाट बघताहेत आणि हे आत सिलिंडरला आंघोळ घालताहेत, असं कितीदा झालं. काटकसरीचीही त्यांची तऱ्हा होती. ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवायचे. वरचा भाग लगेच वाळायचा, गॅस असलेला खालचा भाग उशिरापर्यंत ओला राहायचा, आणि हे तिथं खडूनं रेघ मारायचे. रेघ तळाशी आली की लगेच नंबर लावायचा, मंडईची गर्दी व्हायच्या आत. ज्योत पिवळी दिसली की टाचणी घेऊन बर्नरची भोकं साफ करायला बसायचे.

आणि त्यांचं एक लाडकं छोटं सिलिंडर होतं, वर बर्नर बसणारं. ते फक्त हिवाळ्यात, फक्त अंगणात. मिलमधल्या भंगारातून त्यांनी लोखंडी जाळी बनवून घेतली होती. ती बर्नरवर ठेवून त्यावर वांगी, टमाटे, हिरव्या मिरच्या भाजायचे. एका वांग्यासाठी गॅस पेटवणं त्यांना पाप वाटायचं, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांची वांगी गोळा करायचे. पलीकडच्या दुर्गाबाई भिंतीवरून आपली वांगी द्यायच्या आणि भाजून झाली की भिंतीवरूनच परत घ्यायच्या. इतकी वर्षं शेजार, पण आत कधी आल्या नाहीत. त्यांचं शेतकऱ्याचं घर, पहाटेपासून कामाचा रगाडा. मी शाळेत जाणारी. त्या मला मास्तरीनबाई म्हणत आणि मीही त्यांना अहोजाहो करायची. आमच्यात भांडण नव्हतं, पण मैत्रीही नव्हती.

माझं नाक गेल्यावर हे मला वास सांगू लागले. मी काही मागितलं नव्हतं. पण भात लागला की "भात लागला," असं म्हणून ते थांबत नसत. "आता वांग्याची साल जळून राहिली. आता आतलं पाणी सुटलं. हा आता गोड वास. उतरव." मी उतरवायची. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चिरताना म्हणायचे, "ताजा आहे, पुरा बगीचा सुटला." मी हसायची आणि मला खरंच थोडा वास आल्यासारखं व्हायचं. मग ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. माणूस गेल्यावर घरातून काय काय जातं याचा हिशेब लोक करतात. माझ्या घरातून सगळे वास दुसऱ्यांदा गेले. हे कुणाला सांगायचं, म्हणून सांगितलं नाही.

गेल्या वर्षीच्या मंडईला माझी मुलगी प्रणाली आणि जावई निखिल पुण्याहून आले. निखिलला अंगणात काहीतरी भाजायची फार हौस. पनीर, मक्याची कणसं, कोंबडी, जे मिळेल ते. छपरीत टोपी घालून उभं असलेलं ते छोटं सिलिंडर त्यानं पाहिलं आणि हरखून गेला. पण ते रिकामं होतं. बाजारात एक दुकानदार मोठ्या सिलिंडरमधून नळीनं छोट्यात गॅस भरून देतो, किलोच्या भावानं, लगेच, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो निघालाच होता.

मी दारात आडवी उभी राहिले. "तिथं नाही भरायचं. तो मापून भरत नाही, तोंड तपासत नाही. गळ्यापर्यंत भरतो. आत गॅसला फुगायला जागा लागते."

"आई, सगळे भरतात तिथून. स्वस्त पडतं."

"स्वस्त पडतं आणि एखाद दिवशी घर पडतं. एजन्सीत जा, रांगेत उभा राहा, रिकामं देऊन भरलेलं आण."

प्रणाली हसून म्हणाली, "बाबा बोलले बघ." निखिल बिचारा मंडईच्या गर्दीत दुपारपर्यंत रांगेत उभा राहिला आणि घामाघूम होऊन सिलिंडर घेऊन आला. मग अंगणात जाळी मांडली. दुर्गाबाईंनी भिंतीवरून वांगी दिली, पूर्वीसारखीच. निखिलनं सगळं भाजलं आणि सगळ्यांना वाढलं. घरात इतकी माणसं, इतका गलका, की मला हे आतल्या खोलीत कपडे बदलत असावेत असं वाटत होतं.

चूक झाली ती मंडईच्या दिवशी आमच्याकडेच होऊ शकेल अशी. गावात परक्यांची वर्दळ, म्हणून अंगणातलं सगळं सामान घाईनं आत नेलं जातं. आणि लाउडस्पीकर असा कानठळ्या बसवत असतो की घराच्या खिडक्या गच्च लावून घेतात. निखिलनं छोटं सिलिंडर उचललं आणि देवघरापाशी, धानाच्या पोत्यांच्या आडोशाला ठेवलं. बर्नर वर तसाच होता. चावी जेमतेम बंद झाली होती. पोतं सरकवताना कुणाचा तरी धक्का लागून ती फिरली. मग सगळे दंडार बघायला गेले.

दिवेलागणीला मी एकटी परत आले. देवापुढे बसले, वात सारखी केली, काड्यापेटी उघडली. मला घर अगदी स्वच्छ वाटत होतं. तेवढ्यात शाल न्यायला प्रणाली आली आणि दारातूनच अशी किंचाळली की काड्या माझ्या हातातून सांडल्या.

"आई! काडी ओढू नकोस! हलू नकोस!"

तिनं दिव्याच्या बटनाला हात लावू दिला नाही, पंखा लावू दिला नाही. दारं-खिडक्या उघडल्या, चावी बंद केली, सिलिंडर अंगणात नेऊन ठेवलं. मग आम्ही दोघी वाकून सुपानं जमिनीलगतची हवा दाराबाहेर लोटत राहिलो. बाहेर लाउडस्पीकरवर गाणं चालू होतं. प्रणाली लोटता लोटता रडत होती. मी रडले नाही, मला काही कळलंच नव्हतं. भीती नंतर आली, सगळे झोपायला गेल्यावर, आणि चांगली अंगभर आली.

आपल्या आईला वास येत नाही हे प्रणालीला ठाऊक होतं. त्यावर आम्ही विनोदही केले होते. पण तो न येणारा वास गॅसचाही असणार, हे तिच्या आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. सकाळी ती म्हणाली, "आई, सामान बांध. गॅस बंद करून टाकू आणि तू पुण्याला चल."

"मी तिथं काय करू?"

"इथं तरी काय करतेस?"

हे तिनं टोचायला विचारलं नव्हतं, तरी टोचलं. मी म्हटलं, विजेची शेगडी घेते. ती म्हणाली, इथली लाइन दिवसातून कितीदा जाते ते मला माहीत आहे. मी म्हटलं, चूल पेटवते. ती म्हणाली, या गुडघ्यांनी? तिचं सगळं बरोबर होतं. पण मला माझं घर हवं होतं. माझ्या हातानं पेटवलेली चूल, माझ्या वेळेचा चहा, माझी खिडकी. पुण्यात मी मुलीच्या घरी असेन, इथं मी माझ्या घरी आहे. हे मी तिला सांगितलं तेव्हा आवाज चढला आणि तिचाही चढला.

भिंतीपलीकडून दुर्गाबाई बोलल्या. इतका वेळ त्या तिथंच उभ्या असाव्यात.

"मी हाय ना जी. मी येत जाईन सकाळ-संध्याकाळ. मी वास घेत जाईन. मी हो म्हटल्याशिवाय बाईनं काडी लावाची नाही. मंग त झालं?"

प्रणालीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हिवाळाभर बघू, असं ठरलं. जाताना तिनं दुर्गाबाईंचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "काकू, आई तुमच्यावर आहे." दुर्गाबाईंनी मान डोलावली आणि दुसरीकडे बघितलं. त्यांचा मुलगा नागपूरला कारखान्यात होता. सून आणि नातवंडं तिकडेच. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेलं, नवरा मागेच वारलेला. हे सगळं मला ठाऊक होतं, पण गावातल्या बातमीसारखं. त्यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्या येऊ लागल्या. सकाळी धुकं असायचं, गल्लीतून धान चुरायच्या मळणी मशीनचा आवाज यायचा, आणि दुर्गाबाई पदर डोक्यावर घेऊन दारात उभ्या राहायच्या. डोळे मिटायच्या. मोठा श्वास घ्यायच्या. मग वाकून ओट्याखाली, जमिनीजवळ पुन्हा एक श्वास. मग म्हणायच्या, "वास नाही जी. पेटवा." मी पेटवायची. ज्योत धरल्याशिवाय त्या जागच्या हलायच्या नाहीत. आता चूल पेटलीच आहे आणि माणूस दारात आहे, तर चहा टाकला नाही असं कसं होईल? चहा व्हायचा. चहाबरोबर बोलणं व्हायचं. संध्याकाळी पुन्हा तेच.

मी तो हिवाळा विसरू शकत नाही. दुर्गाबाई फार गमतीच्या निघाल्या. गावातल्या प्रत्येक माणसाची चाल त्यांना करून दाखवता यायची. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन यायच्या, मी उकडायची, दोघी सोलत बसायचो. मला वांग्याचं भरीत पुन्हा करावंसं वाटू लागलं. छोटं सिलिंडर मी अंगणातच पेटवायची आणि काम झालं की बर्नर काढून, टोपी घालून, छपरीत उभं करून ठेवायची. "कसा वास येतो?" मी विचारायची. "येकदम भारी जी," त्या म्हणायच्या. यांच्यासारखं त्यांना सांगता येत नसे, सालीचा वेगळा, पाण्याचा वेगळा असं. पण भारी म्हणायच्या आणि तेवढं मला पुरायचं. एकदा त्यांनी आणलेलं दूध चहात टाकताच फाटलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो आणि बिनदुधाचा प्यालो. त्या दिवसांत माझं सिलिंडर लवकर संपू लागलं. गॅसवाला भाऊ म्हणाला, "काकू, पाहुणे आले का जी?" मी हो म्हटलं.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी दुर्गाबाई नेहमीसारख्या आल्या. डोळे मिटले, वाकल्या, श्वास घेतला. "वास नाही जी. पेटवा." मी काडी काढली. तेवढ्यात बाहेर सिलिंडर आपटल्याचा आवाज आला. मीच नंबर लावला होता. गॅसवाला भाऊ भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन ओसरी चढला आणि तिथंच थबकला.

"काकू, काडी नोका लावू. गॅस सुटून राहिला."

त्यानं खांद्यावरचं ओसरीवरच ठेवलं, हलक्या पावलानं आत गेला, रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं. मग रबराची नळी हातात धरून दाखवली. उंदरानं कुरतडली होती. धान घरात आला की उंदीर येतातच. "इतका वास सुटला, काकू," तो म्हणाला, "गल्लीतून येऊन राहिला होता. तुमी दोघी उभ्या होत्या ना इथं?" त्यानं सिलिंडर आत न बसवता अंगणात ठेवलं, नळी बदलल्याशिवाय लावू नका म्हणून सांगितलं आणि गेला.

दुर्गाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग मला कळलं. त्या साथीत गल्लीतलं एकही घर सुटलं नव्हतं.

"तुमालेबी येत नाही," मी म्हटलं.

"नाही जी."

"तवापासून?"

"तवापासून."

मला भयंकर राग आला. "दुर्गाबाई, मेलो असतो आपण! तुमी रोज उभ्या राहता, हुंगता, पेटवा म्हणता. खेळ आहे का हा? काहून केलं असं? काहून सांगितलं नाही?"

"मी बी इथंच उभी राहत होती ना जी," त्या म्हणाल्या. "जोत धरतपर्यंत. तुमाले काही झालं असतं त मलेबी झालं असतं."

"त्यानं काय होते? सांगाचं होतं ना मले!"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सांगितलं असतं, त तुमी मले कायले बोलावलं असतं जी?"

आणि त्या घरी गेल्या.

प्रणालीला मी अर्धंच सांगितलं, उंदराचं. तिनं पुण्याहून जाड, वरून तारेची जाळी असलेली नळी पाठवली आणि गॅस सुटला की ओरडणारं एक यंत्र पाठवलं. गॅसवाल्या भावानं ते ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावून दिलं. लाइन गेली तरी चालावं म्हणून त्याला सेल आहेत. लायटर न पेटवता त्यातला गॅस जवळ सोडून आम्ही ते तपासलं, तसं ते इतकं केकाटलं की मांजर पळालं. प्रणाली फोनवर म्हणाली, "आता मला झोप लागेल." तिला झोप लागली. पुण्याला जायचा विषय मागे पडला. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, माझं घर आणि माझी चूल. आता कुणाला विचारायची गरज नव्हती. काडी ओढायची की ज्योत.

दुर्गाबाई परत आल्या नाहीत. आधी मला राग होता म्हणून मी बोलावलं नाही. नंतर राग गेला, पण तोवर न बोलावण्याची सवय लागली होती. भिंतीवरून बोलणं व्हायचं, नळाला पाणी आलं का, मशीनवाला कधी येणार, एवढंच. आत या असं मी म्हटलं नाही, आणि येऊ का असं त्यांनी विचारलं नाही. उन्हाळा गेला, रोवणी झाली, धान निसवला, कापला. सिलिंडर पुन्हा संपेनासं झालं. एकटीसाठी कप अर्धा चहा टाकायचा म्हणजे पातेलं तापायच्या आत उकळतो. कधी कधी मी तो करतच नाही.

यंदा प्रणालीला सुट्टी नाही. काल तिचा फोन आला, यंत्र चालू आहे ना, म्हणून. मी चालू आहे म्हटलं. छोटं सिलिंडर मी गर्दीच्या आधीच एजन्सीतून भरून आणून ठेवलंय, अगदी यांच्या पद्धतीनं, फेस लावून. आज दुपारी अंगणात ते मांडलं, वर जाळी ठेवली, जाळीवर एक वांगं. एकच वांगं. हे असते तर गॅसची नासाडी म्हणून ओरडले असते. वांगं काळं झालं, फुटलं, रस ज्योतीवर पडून चुरचुरला. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. सगळीकडून पाहुण्यांचे आवाज येत होते, पलीकडच्या घरातून मात्र नाही. दुर्गाबाईंचा मुलगाही यंदा आला नसावा. मी चावी बंद केली, वांगं तसंच ताटलीत टाकलं, आणि साडी सारखी करून त्यांच्या दारात गेले. इतक्या वर्षांत मी त्या दारातून कधी आत गेले नव्हते.

दुर्गाबाई बाजेवर बसल्या होत्या. हातात काही काम नव्हतं. मला बघून घाईनं उठल्या.

"काहून जी, काय झालं? यंत्र ओरडलं का?"

"नाही. यंत्र बराबर आहे. चहा मांडाचा आहे. चला."

त्या परत बाजेवर टेकल्या. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आता त तुमच्यापाशी यंत्र हाय जी. वास मले येत नाही हे तुमाले माहीत हाय. मंग मी कायले येऊ?"

मी त्यांच्याशेजारी बाजेवर बसले.

"मले करमत नाही, दुर्गाबाई," मी म्हटलं.

त्या खाली वाकून बाजेखाली चपला शोधू लागल्या.